लोकलला गार्ड कशाला हवा? मोटरमन एकटा पुरणार नाही का?

सेमीफास्ट

मुंब्र्याजवळच्या अपघातानंतर (९ जून २०२५) रेल्वेने जाहीर केलं की नव्या साध्या लोकलनाही आपोआप बंद होणारे दरवाजे बसवणार. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात घोळतोय. दरवाजे बंद, फलाटावर कॅमेरे, डब्यात उद्घोषणा, सिग्नल चुकला तर ब्रेक लावणारी यंत्रणा. एवढं सगळं असताना मागच्या केबिनमध्ये गार्ड कशासाठी? (२०२२ पासून 'ट्रेन मॅनेजर' म्हणायचं, पण आपल्या तोंडी गार्डच बसलाय.)

वर्सोवा-घाटकोपर मेट्रो २०१४ पासून एका माणसावर धावतेय. दिल्लीच्या मॅजेंटा लाइनवर डिसेंबर २०२० मध्ये चालकाविना गाडी सुरू झाली. आणि आपल्या लोकलच्या रोज तीन हजारांवर फेऱ्या, प्रत्येकीला पुढे एक आणि मागे एक माणूस. १९२५ साली व्हीटी-कुर्ला पहिली विजेची लोकल धावली तेव्हाची घडी अजून तशीच.

माझं मत सरळ आहे. दरवाजे मोटरमनच्या हातात आले की गार्डचं काम संपलं. कुणाच्या पोटावर पाय आणा असं म्हणत नाही, आहेत त्यांना दुसरं काम द्या. पण नवी भरती कशाला? रेल्वेत काम केलेले कुणी इथे असतील तर जरूर लिहा.

खिडकीपाशी

गार्ड गेला तर शेवटच्या डब्यातल्यांनी "साहेब, एक मिनिट, आमचा माणूस जिन्यावर आहे" हे सांगायचं कुणाला?

वेळापत्रकवाली

आधी दरवाजे येऊ द्यात हो. पहिली एसी लोकल डिसेंबर २०१७ मध्ये आली. त्याला किती वर्षं झाली आणि आज किती टक्के गाड्यांना दरवाजे आहेत ते बघा. तोवर तुमचा प्रश्न म्हणजे बाजारात तुरी.

सेमीफास्ट

मान्य, पण आज भरती झालेला माणूस तीस वर्षं नोकरीत असणार. विचार आत्ताच करायला हवा ना?

हिशेबनीस

सेमीफास्ट यांच्याशी पूर्ण सहमत. नुसता पगार धरू नका. प्रशिक्षण, रजा, रात्रपाळीचा भत्ता, विश्रांतीचे नियम, पुढे निवृत्तीवेतन. शिवाय दोघांपैकी एक जरी वेळेवर पोचला नाही तरी गाडी रखडते. म्हणजे गाडी रद्द होण्याची कारणंही दुप्पट. याकडे कुणी बघत नाही.

लोखंडी_पेटी

निवृत्त गार्ड आहे. मालगाडीपासून सुरुवात केली, मग पॅसेंजर, मेल आणि शेवटी लोकल. त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

लोकलचा गार्ड नक्की काय करतो ते आधी सांगतो. लोकांना वाटतं तो मागे उभा राहून वारा खातो. गाडी फलाटाला लागली की गार्ड फलाटाच्या बाजूला उभा. समोर बारा डबे, म्हणजे सुमारे अडीचशे मीटर माणसं. थांबा वीस-तीस सेकंदांचा. चढउतार आटोपत आली की दोन बेल. दोन बेल आल्याशिवाय मोटरमन गाडी हलवत नाही, स्टार्टर (फलाटाच्या टोकाचा, गाडी सोडणारा सिग्नल) पिवळा असो की हिरवा. खरं काम त्याच्यानंतर सुरू होतं. गाडी हलल्यावर पहिल्या काही सेकंदांत कुणीतरी धावत येतंच. एक हात दांड्याला, एक पाय फूटबोर्डवर, दुसरा अजून फलाटावर फरफटतोय. त्या वेळी गार्डची नजर त्या पायावर असते आणि बोट बेलच्या बटणावर. एक बेल म्हणजे थांब. बेलने भागणार नसेल तर केबिनमध्ये इमर्जन्सी ब्रेक आहे, तो थेट ओढायचा. शेवटचा डबा फलाट सोडेपर्यंत मान बाहेर. पुढे तोंड करून बसलेला मोटरमन हे कसं करणार? त्याने सिग्नल बघायचा, रूळ ओलांडणारे बघायचे, हॉर्न वाजवायचा, की मागे बघायचं?

हे झालं स्टेशनातलं. दोन स्टेशनांच्या मध्ये काही झालं तर गार्डचं दुसरं काम सुरू होतं, ते प्रवाशांना दिसतच नाही. साखळी ओढली गेली की उतरून तो डबा शोधायचा, साखळी पूर्ववत करायची. कुणी गाडीखाली आलं तर काय ते बघायचं आणि पुढच्या स्टेशनमास्तरला मेमो द्यायचा. गाडी घसरली किंवा शेजारचा रूळ अडवला गेला तर त्या रुळावरून येणारी गाडी थांबवायची. नियम असा की ६०० मीटरवर एक डिटोनेटर आणि १२०० मीटरवर तीन, दहा-दहा मीटर अंतराने. चाक त्यावरून गेलं की फटाका वाजतो आणि येणारा चालक ब्रेक मारतो. हे धावत जाऊन लावायचे, खडीवरून, रात्री, पावसात.

आता सांगा, काम संपलं का?

मधला_डबा

लोखंडी_पेटी काका, दंडवत. पाय आणि बेलचं बटण वाचून काटा आला.

सेमीफास्ट

काका, तुमच्या प्रतिसादाबद्दल खरंच आभार. पण बघा, पहिला परिच्छेद सगळा उघड्या दरवाजांचा आहे. दांडा नाही, फूटबोर्ड नाही, तर लटकणाराही नाही. आणि १२०० मीटर धावत जाऊन फटाके लावायचे, हे मोबाइल आणि वॉकीटॉकीच्या जमान्यात? कंट्रोलला एक फोन केला की दोन्ही बाजूच्या गाड्या थांबतील.

कारशेडपलीकडे

गाड्यांच्या देखभालीत आहे. दरवाजांबद्दल थोडं.

एसी लोकलमध्ये सगळे दरवाजे बंद झाल्याचा संकेत मिळाल्याशिवाय मोटरला वीजच मिळत नाही, त्यामुळे उघड्या दारानिशी गाडी पळत नाही. इथवर सेमीफास्ट बरोबर. पण दरवाजे उघडण्या-बंद करण्याचं काम आज गार्डच करतो, आपोआप काही होत नाही. 'ऑटोमॅटिक' म्हणजे मनाने उघडणारे नव्हेत. गर्दीच्या वेळी दारात माणूस अडकलेला असतो, दार मिटत नाही, गाडी जागची हलत नाही, मग कुणीतरी जाऊन त्याला आत ढकलायचं किंवा खाली उतरवायचं.

दुसरं म्हणजे, दाराच्या कडेला अडथळा ओळखणारी सोय असते, पण ती किती हळवी ठेवायची याला मर्यादा आहे. फार हळवी ठेवली तर पिशवीच्या कोपऱ्यानेही दार पुन्हा पुन्हा उघडेल आणि गाड्यांची रांग लागेल. कमी ठेवली तर ओढणीचं टोक किंवा बॅगेचा पातळ पट्टा अडकूनही 'दार बंद' असंच दाखवेल. जगभर दारात अडकून फरफटण्याचे अपघात झाले त्यातले अनेक या पातळ वस्तूंमुळे. म्हणून दार बंद झालं तरी कुणीतरी डोळ्यांनी बघावं लागतं.

ते डोळे मोटरमनच्या केबिनमधल्या पडद्यावर बघू शकतात का? हो. तंत्र जुनं आहे. फक्त बारा डब्यांना एका बाजूला कितीतरी दारं, पंधरा डब्यांना आणखी. तेवढी चित्रं काही सेकंदांत नजरेखालून घालायची आणि लगेच मान वर करून सिग्नल. पश्चिमेचं ऊन लेन्सवर आलं किंवा जुलैचा पाऊस असला की चित्र कसं दिसतं ते सांगायला नको.

हिशेबनीस

म्हणजे तंत्र आहे, फक्त कॅमेरे चांगले घ्या. अडचण तंत्राची नाही, इच्छेची आहे.

कारशेडपलीकडे

@हिशेबनीस, कॅमेरे चांगले घेता येतील. ते पुसणार कोण, ही इच्छेची अडचण.

थेम्सकाठी

इकडे इंग्लंडमध्ये हा वाद चाळीस वर्षं चाललाय, त्यामुळे तयार उत्तरपत्रिका आहे असं समजा.

बेडफर्ड ते लंडन या मार्गावर १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला एकट्या ड्रायव्हरच्या विजेच्या गाड्या आणायचं ठरलं. गाड्या तयार, तारा तयार, पण युनियनचा वाद मिटेपर्यंत नव्या कोऱ्या गाड्या उभ्याच होत्या. पुढे पद्धत रूढ झाली. लंडनच्या भुयारी रेल्वेतला शेवटचा गार्ड २००० साली गेला, आणि त्याने आकाश कोसळलं नाही, हे सेमीफास्ट यांच्या बाजूने.

२०१६ साली दक्षिण इंग्लंडच्या 'सदर्न' गाड्यांवर मोठा संप झाला, कित्येक महिने रखडला. तिथला खरा मुद्दा लोकांना बाहेरून कळत नव्हता. गार्डला काढून टाकणार नव्हते. दार बंद करायचं काम ड्रायव्हरकडे द्यायचं आणि गार्डने डब्यात फिरून प्रवाशांकडे बघायचं, असा प्रस्ताव. वरकरणी उत्तम. युनियनचं म्हणणं, एकदा दाराचं काम काढलं की तो माणूस गाडीला 'आवश्यक' राहत नाही. आज तो आजारी म्हणून गाडी त्याच्याविना सोडाल, उद्या तीच सवय होईल. ही भीती अगदीच पोकळ नव्हती, कारण विशिष्ट परिस्थितीत त्याच्याविना गाडी सोडायची मुभा नव्या पद्धतीत होतीच.

आता दोन अपघात. दोन्ही २०११चे आणि दोन्ही उलट दिशेचे.

लिव्हरपूलच्या जेम्स स्ट्रीट स्टेशनात गाडीला टेकून उभी असलेली सोळा वर्षांची मुलगी गाडी हलल्यावर फलाट आणि गाडीच्या फटीत पडून गेली. तिथे गार्ड होता. गाडी सुटायचा इशारा त्यानेच दिला होता, पुढे त्याला कोर्टात शिक्षा झाली. तेव्हा गार्ड आहे म्हणजे सुरक्षा आहे असं समीकरण मांडू नका.

लंडनच्या केंटिश टाउनजवळ त्याच वर्षी मे महिन्यात एक खच्चून भरलेली गाडी बिघडून जवळपास तीन तास उभी राहिली. ती एकट्या ड्रायव्हरची. ड्रायव्हर बिघाड शोधणार, कंट्रोलशी बोलणार, की घुसमटलेल्या लोकांना धीर देणार? लोकांनी हवेसाठी दारं उघडली, काही जण रुळावर उतरले आणि शेवटी काही दारं उघडी असताना गाडी हलली. नशीब थोर म्हणून कुणी मेलं नाही.

माझ्या मते पहिला अपघात दाराचा आणि दुसरा माणसांचा. आपण या दोन प्रश्नांची सरमिसळ करतोय.

खिडकीपाशी

थेम्सकाठी, प्रतिसाद छान पण आमच्याकडे तीन तास गाडी उभी राहिली तर त्याला अपघात म्हणत नाहीत, जुलै म्हणतात.

वेळापत्रकवाली

😂 आणि रुळावर उतरून चालायला लागणं ही तर आपली राष्ट्रीय कवायत.

मधला_डबा

हसण्यावारी नेऊ नका. तोच तर मुद्दा आहे. गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये थांबली की पाच मिनिटं शांतता, मग एकजण डोकावतो, दहाव्या मिनिटाला पहिला माणूस उडी मारतो, मग रांग लागते. शेजारच्या रुळावरून गाडी येतेय का हे कुणी बघत नाही. त्या दहा मिनिटांत कुणी येऊन "सिग्नल बिघडलाय, पंधरा मिनिटं लागतील, उतरू नका" एवढं सांगितलं तरी निम्मे लोक बसून राहतील. आमच्या डब्यातला अनुभव असा की स्पीकरवर पुढचं स्टेशन कोणतं ते न चुकता कळतं. गाडी का थांबली ते मात्र मोबाइलवर आधी कळतं.

आणखी एक. महिलांच्या डब्यांत टॉकबॅक बसवलेत. बटण दाबलं की पलीकडे गार्ड बोलतो. रात्रीच्या गाडीला पोलीस असतो, पण तो एका डब्यात. दुपारी अडीचच्या रिकाम्या गाडीत बटण दाबलं तर गार्ड नसताना कोण बोलणार? सिग्नल बघत असलेला मोटरमन?

मेट्रोमय

@मधला_डबा, मेट्रोत कंट्रोल रूम बोलते. डब्यातला कॅमेरा त्यांना दिसतो, बटण दाबलेला माणूसही दिसतो. गार्डला तर तुमच्या डब्यात काय चाललंय ते दिसतही नाही. आवाज मागच्या केबिनमधून आला काय आणि दहा किलोमीटरवरून आला काय, काय फरक पडतो?

मधला_डबा

फरक हा की केबिनमधला माणूस पुढच्या स्टेशनात उतरून डब्यापाशी येऊ शकतो. दहा किलोमीटरवरचा 'संबंधितांना कळवतो'.

मेट्रोमय

हे बिनतोड.

तरीही मेट्रोची बाजू मांडतो. मेट्रो माणसं कमी करते ती आंधळेपणाने नाही, त्याआधी मार्गच बांधून घेते. अॅक्वा लाइनला (भुयारी मेट्रो ३) फलाटावर पूर्ण उंचीचे काचेचे दरवाजे आहेत, २अ आणि ७ ला अर्ध्या उंचीचे. रुळावर कुणी येऊच शकत नाही. फाटक नाही, म्हैस नाही, मालगाडी नाही, मेल नाही. सगळ्या गाड्या एकसारख्या, दार नेमकं दारासमोर थांबतं. चालकाविना गाडी ही या सगळ्याची शेवटची पायरी आहे. लोकलच्या रुळांवर यातलं काहीही नाही, त्यामुळे 'मेट्रोला जमतं मग लोकलला का नाही' हा प्रश्न उलटा आहे. आधी कुंपण घाला.

सेमीफास्ट

बरं, कुंपण नाही म्हणून मोटरमन हवा, हे पटतं. पण त्यावरून गार्ड हवा असं कसं निघतं?

दोन_बेल

धाग्याचा काश्मीर (न संपणारा वाद) व्हायच्या आत एक उपप्रश्न. एसटीच्या विनावाहक, विनाथांबा गाड्या चालतात की! तिकीट खाली काढायचं, कंडक्टर खालीच राहतो, गाडी सुटली. तिथे कुणी धागा काढला नाही.

खिडकीपाशी

@दोन_बेल, विनावाहक एसटी बंद पडली की ड्रायव्हर, चाळीस प्रवासी आणि रस्ता. हात केला की दुसरी गाडी थांबते. कुर्ला-सायनच्या मध्ये हात करून बघा.

लोखंडी_पेटी

दोन_बेल, नाव छान घेतलंत.

सेमीफास्ट यांच्या फोनच्या मुद्द्यावर. कंट्रोलला फोन करायचाच असतो, वॉकीटॉकी आम्हालाही दिली होती. पण डिटोनेटर हा बाकी सगळं बंद पडल्यावरचा उपाय आहे. अपघात तेव्हाच होतो जेव्हा बाकीचं बंद पडलेलं असतं. फिरोजाबादला २० ऑगस्ट १९९५च्या पहाटे कालिंदी एक्सप्रेस नीलगायीला धडकून उभी राहिली आणि मागून पुरुषोत्तम एक्सप्रेसला सिग्नल दिला गेला. तीनशेच्या वर माणसं गेली. उभ्या गाडीची पाठ राखायची, हा नियम उगाच नाही.

मालगाडीवरचा गार्ड मात्र कमी होतोय हे खरं. ब्रेकव्हॅनच्या (गार्डचा शेवटचा डबा) जागी शेवटच्या वाघिणीला टेलिमेट्रीचं यंत्र लावायचं, ते शेवटचा ब्रेक आणि गाडी अखंड आहे की नाही ते इंजिनाला कळवतं. त्याला माझा विरोध नाही. ज्याने जुन्या ब्रेकव्हॅनमध्ये दिवा नाही, पंखा नाही, संडास नाही अशा रात्री काढल्या तो विरोध करणारच नाही. कोळशाला धीर द्यावा लागत नाही.

वेळापत्रकवाली

"कोळशाला धीर द्यावा लागत नाही" 👏

काका, तुमच्या नावातली पेटी म्हणजे ती काळी लोखंडी, फलाटावर रचून ठेवलेली असते तीच ना? लहानपणी मला वाटायचं त्यात पगार असतो.

लोखंडी_पेटी

तीच. आत लाल-हिरवे झेंडे, हातदिवा, डिटोनेटर, प्रथमोपचार, नियमांची पुस्तकं, कुलूप-किल्ली. उचलायला वेगळा माणूस असायचा. आता चाकाच्या बॅगा आल्यात. पेटीचा खरा उपयोग म्हणजे ब्रेकव्हॅनमध्ये तिच्यावर बसता येतं.

पूर्वेची_गाडी

एक बाजू कुणी मांडली नाही. मागचा गार्ड हा गाडीतला सगळ्यात असुरक्षित माणूस आहे. १७ जून २०२४ ला रंगापानीजवळ कांचनजंगा एक्सप्रेसला मालगाडीने मागून धडक दिली, त्यात एक्सप्रेसचा गार्ड गेला. स्वयंचलित सिग्नल बिघडलेले आणि कागदी परवान्यावर गाड्या चाललेल्या. मागे माणूस हवा म्हणताना तो तिथे कशाच्या भरवशावर बसतो तेही बघा. गार्ड ठेवायचाच तर आधी 'कवच' (गाड्यांची टक्कर टाळणारी, आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा) बसवा. मागून येणारी गाडी थांबवण्याचं काम यंत्राचं, झेंड्याचं नव्हे.

हिशेबनीस

म्हणजे शेवटी यंत्रच. मी हेच म्हणत होतो.

पूर्वेची_गाडी

नाही साहेब. यंत्राने गाडी थांबते. थांबलेल्या गाडीतली माणसं यंत्राने खाली उतरत नाहीत.

मेट्रोमय

+१. मोनोरेल आठवा. १९ ऑगस्ट २०२५, भर पावसात चेंबूरच्या बाजूला गाडी खांबावर अडकली, वीज गेली, आत प्रमाणाबाहेर गर्दी, पाचशेहून जास्त लोकांना अग्निशमन दलाने शिड्या लावून काढलं. उतरायला खाली जमीनच नाही. अशा वेळी आत गणवेशातला एक माणूस असणं आणि नसणं यात फार फरक आहे.

महालक्ष्मी एक्सप्रेसचंही तसंच, २७ जुलै २०१९, वांगणीजवळ पुरात. हजारावर प्रवासी होते. रेल्वे सांगत होती, गाडीतून उतरू नका, गाडीतच सुरक्षित आहात. चहूकडे पाणी दिसत असताना हे पटवायला डब्यात माणूस लागतो. सगळे सुखरूप बाहेर आले.

सेमीफास्ट

आता जरा गोळाबेरीज होऊ लागलीय. थेम्सकाठी म्हणतात तसे प्रश्न दोन आहेत. दार बघणं आणि माणसं बघणं. दाराचं काम आज ना उद्या पुढे मोटरमनकडे जाईल, यावर मी ठाम आहे. माणसांचं काम आहे हे मान्य, पण ते काम मागच्या बंद केबिनमध्ये बसून होतं का? साध्या लोकलमध्ये एका डब्यातून दुसऱ्यात जाताच येत नाही. म्हणजे आपण दुसरा माणूस ठेवलाय, पण अशा जागी की प्रवाशाला तो भेटतच नाही. नव्या गाड्या आतून जोडलेल्या असतील तर गार्डला डब्यांत आणा. दार मोटरमनला, माणसं गार्डला.

थेम्सकाठी

याचं जुनं उदाहरण आहे आणि गंमतशीर आहे. लंडनची डॉकलँड्स लाइट रेल्वे, १९८७ पासून. गाडी आपोआप चालते, पुढे ड्रायव्हरच नाही. पण प्रत्येक गाडीत एक कर्मचारी असतो. तो डब्यांत फिरतो, तिकिटं बघतो, दारं बंद करायचं काम तोच करतो आणि यंत्रणा बिघडली तर पुढच्या खुर्चीत बसून हाताने गाडी चालवतो. म्हणजे दोघांपैकी एक कमी करायची वेळ आली तेव्हा त्यांनी ड्रायव्हर कमी केला. गार्ड ठेवला!

कारशेडपलीकडे

हे माहीत नव्हतं, मस्त. मोटरमन मंडळींना हा धागा दाखवू नका.

मात्र लक्षात घ्या, तो कर्मचारी दाराजवळच असतो, त्यामुळे दार आणि माणसं ही दोन्ही कामं एकाकडेच राहतात. सेमीफास्ट यांच्या योजनेत दार पुढे गेलं की गार्ड गाडी सुटायच्या साखळीतून बाहेर. मग 'सदर्न'सारखं होणार. एखाद्या दिवशी माणूस कमी पडला की गाडी त्याच्याविना सोडणार, आणि मग रोज. म्हणून माझं म्हणणं, नवी गाडी असली तरी दार बंद करण्याचा अधिकार गार्डकडेच ठेवा, फक्त त्यासाठीचं बटण मागच्या केबिनपुरतं न ठेवता मधल्या दोन-तीन दारांशी किल्लीवर द्या. असं तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही.

लोखंडी_पेटी

बटण मधे दिलं तर मान कुठून काढणार? मागून अख्खी गाडी एका बाजूला दिसते. मधल्या दारातून निम्मी पुढे, निम्मी मागे. दोनदा बघावं लागेल. वळणाच्या फलाटावर तर मागूनही सगळे डबे दिसत नाहीत, हे कबूल करायला हवं. तिथे कॅमेरा गार्डपेक्षा सरस. पण मधे उभं राहून गार्ड आणि कॅमेरा दोन्ही असेल तर हो, जमेल. दुपारच्या गाडीत उत्तम जमेल.

मधला_डबा

दुपारच्या. सकाळी आठ-छत्तीसला आम्हाला एका दारातून त्याच डब्याच्या दुसऱ्या दारापाशी जाता येत नाही, उतरायचं असेल तर दोन स्टेशनं आधी निघावं लागतं. तिथे गार्ड डब्यांतून फिरणार?

सेमीफास्ट

गर्दीच्या वेळी मागच्या केबिनमध्ये, एरवी डब्यात. वेळेनुसार जागा बदलायला काय हरकत आहे?

लोखंडी_पेटी

हरकत नाही. नियमात तसं लिहून द्या, आणि गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये पाच मिनिटांवर थांबली तर माइकवर कारण सांगायचंच, हेही लिहा. माहीत नसेल तर 'विचारतोय' असं सांगायचं. याला नवी गाडीही लागत नाही, एसी लोकलमध्ये माइक आजही गार्डच्या हातात आहे. हे काम उद्यापासून होईल, दरवाजे येतील तेव्हा येतील.

खिडकीपाशी

आणि डब्यात आल्यावर त्याला बसायला जागा? तिघांच्या बाकावरची चौथी सीट मिळेल फार तर, तीही अर्धी.